सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणाऱ्या कापड दुकानदारानं एकही विद्यार्थी का घेतला नाही?

शाळेतला पेशीचा धडा आठवतोय? त्यात दोन नावं हमखास असायची. पहिलं रॉबर्ट हूक. यानं १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात दिसलेल्या रिकाम्या खणांना सेल म्हणजे पेशी असं नाव दिलं. दुसरं नाव अँटोनी व्हॅन ल्युवेनहॉक. यानं जिवंत सूक्ष्मजीव जगात सगळ्यात आधी पाहिले.

गाळलेल्या जागा भरायच्या, जोड्या लावायच्या आणि दोन मार्क घेऊन पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. बहुतेकांची या दोघांशी ओळख तिथंच संपते.

पण पुस्तकात शेजारी शेजारी बसलेली ही दोन माणसं एका बाबतीत एकदम उलट होती. हूकनं भिंग कसं बनवायचं ते सरळ पुस्तकात छापून टाकलं. ल्युवेनहॉकनं ते आयुष्यभर लपवून ठेवलं. त्याला मोठमोठ्या लोकांनी गळ घातली, एका तत्त्वज्ञानं तर पोरांना शिकवायला शाळाच काढ म्हणून सुचवलं. गड्यानं साफ नकार दिला.

तर गोष्ट सुरू होते नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट या गावात.

२४ ऑक्टोबर १६३२ ला ल्युवेनहॉक जन्मला. वडील टोपल्या विणायचे. पोरगं लहान असतानाच ते वारले. आईनं दुसरं लग्न केलं आणि अँटोनीला शाळेसाठी दुसऱ्या गावी पाठवलं. पुढं काही दिवस तो एका नातेवाइकाकडे राहिला. कॉलेज, विद्यापीठ हा विषयच नव्हता. त्या काळात विज्ञानाची भाषा होती लॅटिन, आणि ल्युवेनहॉकला डच सोडून दुसरी कुठलीही भाषा येत नव्हती.

सोळाव्या वर्षी त्याला अ‍ॅमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे कामाला लावलं. तिथं तो हिशेब शिकला, कापडाची पारख शिकला. १६५४ मध्ये डेल्फ्टला परत आला, लग्न केलं आणि स्वतःचं कापडाचं दुकान टाकलं. पुढं नगरपालिकेत शेरीफच्या दालनाची देखरेख करायची नोकरी मिळाली. जमीन मोजणीची परीक्षा पास झाला. दारूची पिंपं मोजून देण्याचं सरकारी कामही त्याच्याकडे आलं. थोडक्यात, गावातला मानानं जगणारा, मोजमापात पक्का असलेला दुकानदार.

घरात मात्र दुःख होतं. पहिल्या बायकोपासून झालेल्या पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये बायकोही गेली. त्यानं पुढं दुसरं लग्न केलं. मारियानं लग्न केलं नाही, ती शेवटपर्यंत वडिलांसोबत राहिली.

आता कापड दुकानदाराचा आणि सूक्ष्मदर्शकाचा काय संबंध?

त्या काळात कापडाचा पोत तपासायला व्यापारी भिंग वापरायचे. एका इंचात किती धागे आहेत ते मोजायचं आणि त्यावरून भाव ठरवायचा. ल्युवेनहॉकच्या हातात भिंग आलं ते या धंद्यातून. १६६८ च्या आसपास तो इंग्लंडलाही जाऊन आला. हूकचं मायक्रोग्राफिया हे पुस्तक तेव्हा तिथं गाजत होतं. पिसू, उवा, माशीचे डोळे यांची पानभर मोठी चित्रं त्यात होती. हे पुस्तक ल्युवेनहॉकनं पाहिलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात.

हूकचा सूक्ष्मदर्शक एकापेक्षा जास्त भिंगांचा होता. दिसायला भारी, पण त्या काळच्या काचेमुळं प्रतिमा धूसर व्हायची आणि कडेनं रंग फुटायचे. भिंगं वाढवली की हा दोषही वाढायचा.

ल्युवेनहॉकनं वेगळा मार्ग धरला. त्यानं एकच भिंग घेतलं, मण्यासारखं बारीक. ते दोन धातूच्या पट्ट्यांमधल्या छोट्या भोकात बसवलं. पाठीमागं एक सुई, तिच्या टोकावर नमुना, आणि तो पुढं-मागं, वर-खाली सरकवायला स्क्रू. सगळं यंत्र मुठीत मावेल एवढं. डोळ्याला चिकटवून उजेडाकडे धरायचं आणि बघत बसायचं. या पद्धतीत डोळे दुखायचे आणि मानही धरायची, पण चित्र स्वच्छ दिसायचं. त्याचं जे सगळ्यात ताकदीचं यंत्र आज शिल्लक आहे, ते वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतं.

एवढी ताकद त्या वेळी दुसऱ्या कुणाच्याच हातात नव्हती.

१६७३ मध्ये डेल्फ्टचेच डॉक्टर रेनिअर द ग्राफ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या माणसाबद्दल कळवलं. सोबत ल्युवेनहॉकची निरीक्षणं होती. बुरशी, मधमाशीची नांगी आणि उवा यांच्याबद्दलची. सोसायटीला ती आवडली आणि पत्रव्यवहार सुरू झाला. तो चालला तब्बल ५० वर्षं. एकट्या रॉयल सोसायटीलाच त्याची दोनशेच्या जवळपास पत्रं गेली. सगळी बोलीभाषेतल्या डचमध्ये, गप्पा माराव्यात तशी. चित्र काढणं त्याला जमायचं नाही, म्हणून त्यासाठी पगार देऊन चित्रकार ठेवला होता.

१६७४ च्या उन्हाळ्यात तो डेल्फ्टजवळच्या एका तळ्यावर गेला. उन्हाळ्यात त्या तळ्याचं पाणी पांढरट व्हायचं आणि त्यात हिरवे ढग तरंगायचे. गावकरी म्हणायचे, दवामुळं होतं. ल्युवेनहॉकनं बाटलीत पाणी भरून घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरलं. त्याला सापासारखे वेटोळे घेतलेले हिरवे पट्टे दिसले. शाळेत आपण ज्याची आकृती काढतो ते स्पायरोगायरा हे शैवाल बहुधा हेच. त्या हिरव्या तंतूंच्या मधून बारीक बारीक जीव इकडून तिकडं पळत होते.

दोन वर्षांनी तर कहर झाला.

मिरी तिखट का लागते हा प्रश्न त्याच्या डोक्यात होता. मिरीला बारीक काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील, असा त्याचा अंदाज. मिरी मऊ पडावी म्हणून त्यानं ती पाण्यात भिजत घातली. काही आठवडे गेले. त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला तर काटे राहिले बाजूला, थेंबात प्रचंड संख्येनं जीव वळवळताना दिसले. त्यातले काही इतके लहान होते की वाळूच्या एका कणाएवढ्या जागेत त्यांची अख्खी वस्ती मावली असती. ते जीवाणू होते. माणसानं जीवाणू पाहिल्याची ही पहिली नोंद समजली जाते. ९ ऑक्टोबर १६७६ ला त्यानं याबद्दल लंडनला लांबलचक पत्र लिहिलं.

लंडनमध्ये कुणाचा विश्वास बसेना. पाण्याच्या थेंबात लाखो प्राणी? तेही लॅटिन न येणारा दुकानदार सांगतोय? सोसायटीनं आपल्याकडं प्रयोग करून बघितला, सुरुवातीला काहीच दिसलं नाही. ल्युवेनहॉकनं मग गावातल्या आठ प्रतिष्ठित लोकांना बोलावलं. त्यात धर्मगुरू होते, नोटरी होता. त्यांना भिंगातून जीव दाखवले आणि आम्ही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असं त्यांच्याकडून लिहून घेऊन लंडनला पाठवलं.

आता यातली गंमत बघा. पुरावा म्हणून आठ साक्षीदार पाठवले, पण भिंग कसं बनवलं ते पाठवलं नाही. ते कळवलं असतं तर साक्षीदारांची गरजच पडली नसती, लंडनच्या लोकांनी घरबसल्या खात्री केली असती.

शेवटी हा प्रश्न सोडवला रॉबर्ट हूकनं. त्यानं मिरी भिजवली, केसासारख्या बारीक काचेच्या नळ्यांत ते पाणी भरलं, ताकदीचं भिंग वापरलं आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये सोसायटीच्या सभासदांना ते जीव दाखवले. डेल्फ्टचा माणूस खरं बोलत होता. पुढच्याच वर्षी हूकनं हे सगळं कसं केलं ते छापलं. काचेची कांडी ज्योतीवर तापवायची, ओढून तिचा धागा करायचा, धाग्याचं टोक परत ज्योतीत धरायचं की टोकाला काचेचा बारीक गोळा तयार होतो. तोच गोळा भिंग म्हणून वापरायचा. ज्याला पाहिजे त्यानं करून बघावं.

१६८० मध्ये ल्युवेनहॉक रॉयल सोसायटीचा सभासद झाला. लंडनला सभेला मात्र तो कधीच गेला नाही.

तिकडं त्याचं बघणं चालूच होतं. रक्तातल्या तांबड्या पेशी, वीर्यातल्या शुक्रपेशी, स्नायूंवरचे पट्टे, बारीक वाहिन्यांमधून फिरणारं रक्त. जुलाब झाले तर स्वतःची विष्ठा तपासली, त्यातही जीव सापडले. १६८३ मध्ये त्यानं दातांवरचं पांढरं किटण खरवडून पाण्यात कालवलं आणि बघितलं. रोज सकाळी मीठ लावून दात घासणारा माणूस तो, तरी किटणात जीवच जीव. मग आयुष्यात कधीच दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याला गाठलं, त्याच्या तोंडात तर जत्राच भरलेली. आपल्या देशात जितकी माणसं राहत नाहीत तितके जीव आपल्या एकट्याच्या तोंडात राहतात, असा हिशेब त्यानं मांडला.

या पत्रांनी त्याला युरोपभर प्रसिद्ध केलं. राजे-राण्या, विद्वान, प्रवासी त्याच्या घराची वाट धरायला लागले. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर द ग्रेट डेल्फ्टला आला तेव्हा ल्युवेनहॉकनं त्याला ईल माशाच्या शेपटीत वाहणारं रक्त दाखवलं.

पण दाखवतानाही गडी हातचं राखून असायचा. पाहुण्यांना बघायला वेगळी यंत्रं, स्वतःच्या कामाची वेगळी. सगळ्यात चांगली भिंगं त्यानं बाहेरच्यांना हाताळू दिली नाहीत. सर्वात बारीक जीव बघायची त्याची खास पद्धत होती, तीही त्यानं कुणाला सांगितली नाही. उजेड कसा पाडायचा, नमुना कसा धरायचा, सगळं त्याच्याच डोक्यात.

म्हणजे काय दिसलं ते त्यानं सगळ्या जगाला सांगितलं, पण कसं बघायचं ते कुणालाच नाही.

याचा परिणाम त्याच्या हयातीतच दिसायला लागला. १६९० च्या दशकात हूकनं एका व्याख्यानात खंत व्यक्त केली की सूक्ष्मदर्शकाचं सगळं काम आता जवळपास एकट्या ल्युवेनहॉकवर येऊन थांबलंय. बाकीच्यांनी नाद सोडून दिलाय.

हीच काळजी लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञालाही होती. कलनशास्त्र शोधणाऱ्या दोघांपैकी एक तो हाच. तरुणपणी तो ल्युवेनहॉकला डेल्फ्टमध्ये भेटून गेला होता. १७१५ मध्ये, ल्युवेनहॉक ८२ वर्षांचा असताना, त्यानं पत्रातून सुचवलं की तरुण पोरांना भिंगं घासायला आणि निरीक्षण करायला शिकवा, त्यासाठी शाळा काढा.

ल्युवेनहॉकचं उत्तर आजही उपलब्ध आहे. त्यानं कळवलं की याचा काही उपयोग होईल असं त्याला वाटत नाही. त्याचे शोध ऐकून लायडनमधले बरेच विद्यार्थी या कामाकडे वळले होते, भिंगं घासायला शिकवणारेही तिथं होते, पण त्यातून काही निष्पन्न झालं नाही. कारण बहुतेकांना शिकून पैसा कमवायचा असतो किंवा नाव मिळवायचं असतं. या कामाला वेळ लागतो, पैसा लागतो आणि डोक्यात सतत तोच विचार असावा लागतो. हजारात एखादाही त्या लायकीचा निघत नाही असं त्याचं मत होतं. शिवाय एकाला शिकवलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. मग आयुष्यभर ती गुलामीच. त्याला स्वतंत्र राहायचं होतं.

आजच्या नजरेनं हा माणूस आपमतलबी वाटू शकतो. पण त्याची बाजूही समजून घ्यायला पाहिजे. त्याच्याकडं पदवी नव्हती. शिकलेल्या लोकांनी सुरुवातीला त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्या विद्वानांच्या जगात त्याच्या नावामागं दुसरं काहीच नव्हतं, होती ती फक्त ही भिंगं. शिकवणं हा त्याचा पेशाही नव्हता. धंदा, नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात त्यानं हे केलं होतं. त्यानं ५०० च्या वर भिंगं आणि सूक्ष्मदर्शक स्वतःच्या हातानं बनवले.

२६ ऑगस्ट १७२३ ला वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला. शेवटच्या आजारातही छातीत काय होतंय याची वर्णनं तो लंडनला पाठवत होता. मरणाच्या दारात असताना त्यानं आपल्या डॉक्टर मित्राला बोलावून शेवटची दोन पत्रं लॅटिनमध्ये करून पाठवायला सांगितलं.

त्याच्या इच्छेप्रमाणं मारियानं चांदीच्या २६ सूक्ष्मदर्शकांची पेटी रॉयल सोसायटीला पाठवली. ही पेटी एकोणिसाव्या शतकात गहाळ झाली, आजतागायत सापडली नाही. मारिया १७४५ मध्ये वारली आणि दोन वर्षांनी घरातले शेकडो सूक्ष्मदर्शक लिलावात विकले गेले. आज जगात त्यातले जेमतेम दहा-बारा उरलेत.

यंत्रं विकली गेली, पण ती त्याच्यासारखी वापरणारा कुणी मागं राहिला नव्हता. अठराव्या शतकात काही अभ्यासकांनी सूक्ष्मजीवांचं काम केलं, पण गाडी रखडतच चालली. अर्थात याला एकटा ल्युवेनहॉक जबाबदार नाही. एका भिंगाचं यंत्र वापरणं अवघड होतं, जास्त भिंगांच्या यंत्रातले दोष जात नव्हते. हे जीव रोग पसरवत असतील हा विचारही फारसा कुणी करत नव्हतं. १८३० च्या सुमारास जोसेफ जॅक्सन लिस्टरनं भिंगांतला रंगांचा दोष कमी करायचा मार्ग काढला. मग १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात हा सिद्धांत मांडला. आणि जीवाणूमुळं रोग होतो हे रॉबर्ट कॉखनं अँथ्रॅक्सच्या बाबतीत दाखवून दिलं ते १८७६ मध्ये.

म्हणजे मिरीच्या पाण्याच्या पत्राला त्या वर्षी बरोबर २०० वर्षं झाली होती.

त्यानंतर मात्र कामाला वेग आला, आणि त्यामागं शिकवण्याचा मोठा वाटा होता. कॉखच्या बर्लिनमधल्या प्रयोगशाळेत डॉक्टर जीवाणू ओळखायला शिकायला जायचे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू यांनी १८८९ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचा वर्ग सुरू केला. पाश्चरच्या याच संस्थेत तयार झालेल्या अलेक्झांडर येर्सिननं १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जीवाणू शोधला. तिथंच काम केलेले वाल्डेमार हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईत आले. जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावानं आहे.

एकानं दुसऱ्याला शिकवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि ती विद्या साथीत सापडलेल्या मुंबईपर्यंत पोहोचली.

राहता राहिलं ते ल्युवेनहॉकचं गुपित. लोक जवळपास ३०० वर्षं तर्क लढवत होते, त्यानं एवढं ताकदीचं भिंग बनवलं तरी कसं? जुना सूक्ष्मदर्शक फोडून बघायची सोय नव्हती. २०२१ मध्ये डच संशोधकांनी त्यावर तोडगा काढला. त्याचे सूक्ष्मदर्शक न उघडता न्यूट्रॉनच्या झोतानं आतून बघितले, आपल्याकडं सीटी स्कॅन करतात तसंच काहीसं. ते २७० पटीचं भिंग घासून बनवलेलं नव्हतं. तो ज्योतीवर वितळवून केलेला काचेचा गोळा होता आणि त्याला काचेच्या धाग्याचं उरलेलं टोकही तसंच होतं.

म्हणजे हूकनं १६७८ मध्ये छापली होती तीच कृती.

जे गुपित त्यानं शेवटपर्यंत जपलं, त्याची कृती पुस्तकात सगळ्यांसाठी उघडी पडलेली होती. तरी कुणी दुसरा ल्युवेनहॉक झाला नाही, कारण कृती वाचून भिंग बनतं, पण त्या भिंगातून बघायचं कसं हे कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. तेवढं करणारा माणूस त्या काळात एकच होता आणि त्यानं नाही म्हटलं.

आजही अनेक शाळांत पेशीचा धडा आकृती काढून आणि भागांना नावं देऊन संपतो. सूक्ष्मदर्शक महाग, एखादा असला तर कपाटात. हे बघूनच मूळच्या भारतीय असलेल्या मनू प्रकाश यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सहकाऱ्यांसोबत फोल्डस्कोप बनवला. २०१४ मध्ये तो जगासमोर आला. कागदाची घडी घालून तयार होणारा, खिशात मावणारा सूक्ष्मदर्शक. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानंही तो शाळा-कॉलेजांपर्यंत नेण्यासाठी मदत केली. डोळ्याला लावायचा आणि उजेडाकडे धरायचा.

त्याच्या आत भिंग एकच आहे, काचेच्या मण्याएवढं. फरक इतकाच की हा कसा बनवायचा आणि कसा वापरायचा, ते सगळ्यांना सांगितलेलं आहे.